गुराब, गलबत आणि पांढऱ्या गस्तीनौका

वर्तकनगरातून समुद्र दिसत नाही. मागे येऊरचे डोंगर, खाली उपवनचं तळं, पुढे पोखरण रोडची वर्दळ. पण रिक्षा केली की अर्ध्या तासात दोन्हीकडे खारं पाणी गाठता येतं. घोडबंदर रस्त्यानं गायमुखला गेलं की उल्हास नदीची वसईकडे जाणारी खाडी, आणि उलट दिशेला कळव्याच्या पुलाशी ठाण्याची खाडी. भरतीचं पाणी आजही या दोन्ही खाड्यांतून आत येतं. समुद्रावरून जे येतं ते त्या पाण्याबरोबर इथवर पोचतं. त्यात व्यापार आला, मासळी आली, शत्रू आला, चोरटा माल आणि तेलाचा तवंगही आला. म्हणून किनाऱ्याची राखण कुणी, कशी आणि कसल्या नौकांनी करायची हा प्रश्न आम्हा ठाणेकरांना परका नाही. तो इथे साडेतीनशे वर्षांहून जुना आहे.

या लेखाला निमित्त झालं ते कल्याणला पाहिलेल्या एका बोटीचं. दुर्गाडी किल्ल्याजवळ खाडीकाठी नौदलाची निवृत्त ‘टी-80’ ठेवली आहे. इस्रायली बनावटीची, पंचवीसेक मीटर लांबीची ही वेगवान नौका 1998 मध्ये नौदलात आली आणि मुंबईच्या आसपासच्या उथळ पाण्यात तिनं गस्त घातली. ती तटरक्षक दलाची नव्हे, तरी काम त्याच जातीचं. युद्धनौका म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारा अजस्र आकार तिला नाही, त्यामुळे बघायला आलेली मुलं थोडी हिरमुसतात. मला मात्र तिचं आखूडपण मोलाचं वाटलं. किनारा राखणाऱ्या नौकेबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ते आखूडपणच सांगतं. पाणी किती खोल आहे, अडवायचं कुणाला आणि वाचवायचं कुणाला, यावर तिचा आकार ठरतो.

शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. पोर्तुगीज कागदपत्रांत 1659 ची नोंद सापडते. रुइ लैतांव व्हियेगस नावाचा कसबी जहाजबांधणीकार महाराजांच्या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीज कप्तानानं त्याला फूस लावली आणि तो आपली माणसं घेऊन निघून गेला. जहाज बांधणारा माणूस फोडणं हीसुद्धा समुद्रावरची लढाईच होती. पोर्तुगीजांचं भय समजण्यासारखं होतं. शतकभराहून अधिक काळ त्यांनी या किनाऱ्यावर ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना घेतल्याशिवाय कुणाला जहाज हाकू दिलं नव्हतं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक चालू केले, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं. दस्तक तपासणं आणि नसेल तर जहाज धक्क्याला आणणं हे काम आज तटरक्षक दल करतं तेव्हा त्याला आपण सार्वभौमत्व म्हणतो. कान्होजींच्या कामालाही तोच शब्द लावला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या आरमारात तरांडी, शिबाडं, पाल, मचवे असे कितीतरी प्रकार होते. त्याचा कणा मात्र गुराब आणि गलबत या जोडीचा. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, रुंद, तळ उथळ, आणि पुढे काढलेल्या नाळेवर थेट समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत तिच्यापेक्षा लहान आणि हलकं. शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की इंग्रजांचं मोठं जहाज जागच्या जागी डुलत राही, आणि गलबतं वल्ही मारत गुराबांना दोरानं ओढून त्याच्या पिछाडीला आणून उभी करत. मोठ्या जहाजाच्या तोफा कडेला असत, त्यामुळे पिछाडीला आलेल्या गुराबेला त्यांचा मारा लागत नसे. पाठलाग अंगाशी आलाच तर दोघी खाडीत शिरत. मागे येणाऱ्याचा तळ तिथे गाळात रुतलाच म्हणून समजा. कोकणच्या किनाऱ्याचा एवढा नेमका अभ्यास दुसऱ्या कुठल्या नौकेच्या आकारात मला दिसलेला नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण या दृष्टीनं पुन्हा वाचावं. जहाजं फार मोठी नकोत आणि फार लहानही नकोत, पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा करावा, असा त्यांचा हिशोब आहे. एका मोठीमागे तीन लहान. पावसाळ्यात आरमार छावणीला कुठे ठेवावं याचाही विचार त्यांनी केला आहे. दरसाल बंदर बदलावं, कारण आरमाराच्या माणसांचा उपद्रव एकाच गावच्या रयतेला सोसावा लागू नये. किनारा राखताना किनाऱ्यावरचा माणूस आधी राखला पाहिजे, ही जाण त्यात आहे.

इंग्रजांच्या ‘बॉम्बे मरीन’नं हीच गलबतं उचलली आणि आपल्या व्यापारी जहाजांच्या सोबतीला दिली. डिसेंबर 1774 मध्ये कंपनीनं ठाण्याच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा याच मरीनचा कमोडोर वॉटसन इथे जखमी होऊन मेला. आज तो किल्ला तुरुंग आहे आणि बाहेरून जाणाऱ्याला तिथवर लढाऊ गलबतं येत होती याची कल्पनाही येत नाही. 1818 नंतर किनाऱ्यावर इंग्रजांना प्रतिस्पर्धी उरला नाही, 1863 मध्ये त्यांनी कंपनीच्या काळापासूनचं लढाऊ आरमारही मोडीत काढलं आणि राखणीचं काम आकसून जकातीपुरतं राहिलं. 1878 च्या सागरी जकात कायद्यापासून पुढची शंभर वर्षं कोकण किनाऱ्यावर सरकार म्हणजे कस्टमची लाँच.

जगात इतरत्रही तटरक्षक दलांचा उगम अनेकदा जकातीचाच आहे. अमेरिकेत 1790 मध्ये करवसुलीसाठी दहा ‘कटर’ बांधायला मंजुरी मिळाली. कटर म्हणजे हलकी, चपळ शिडाची नौका. 1915 मध्ये जीवरक्षक सेवा या दलात मिळवली गेली आणि आजचं कोस्ट गार्ड उभं राहिलं. मोठ्या नौकेला तिथे अजून कटरच म्हणतात. ब्रिटनमध्ये 1822 मध्ये चोरटी आयात रोखणारी पथकं एकत्र करून हे दल झालं, पुढे त्याचा भर जीव वाचवण्यावर गेला. जपाननं 1948 मध्ये नवं दल काढलं, आणि प्लुटोनियम आणणाऱ्या जहाजाच्या सोबतीसाठी 1992 मध्ये ‘शिकिशिमा’ ही त्या काळची सगळ्यात मोठी गस्तीनौका सेवेत आणली. आता चीनकडे बारा हजार टनांच्या आहेत. उत्तरेकडच्या देशांना बर्फ फोडणाऱ्या नौका लागतात, आपल्याला त्यांची गरज नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती आइसलँडची गोष्ट. त्यांच्या ‘एगिर’ या छोट्या गस्तीनौकेनं 1972 मध्ये ब्रिटिश ट्रॉलरच्या जाळ्याच्या तारा पाण्याखालून ओढलेल्या एका कापणाऱ्या अवजारानं तोडल्या. तोफ डागली नाही. समोर ब्रिटनच्या फ्रिगेट होत्या, तरी 1976 मध्ये आइसलँडनं दोनशे सागरी मैलांवरचा आपला हक्क ब्रिटनकडून मान्य करून घेतला. त्याच वर्षी भारतानं सागरी क्षेत्रांचा कायदा करून स्वतःची दोनशे मैलांची सीमा आखली. सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरचं पाणी एका कायद्यानं आपल्या ताब्यात आलं आणि ते राखायला नौका नव्हत्या.

दुखणं तसं आधीपासूनच होतं. साठ-सत्तरच्या दशकांत आखातातून सोनं, घड्याळं, कापड कोकणच्या बंदरांत उतरत होतं. कस्टमच्या लाँचला मागे टाकणारी इंजिनं तस्करांच्या होड्यांना होती. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलखोदाईच्या मंचानं बॉम्बे हायला तेल शोधलं आणि राखायला आणखी एक गोष्ट झाली. के. एफ. रुस्तमजींच्या समितीनं स्वतंत्र दलाची शिफारस केली. 1 फेब्रुवारी 1977 ला तटरक्षक दलाची तात्पुरती उभारणी झाली आणि 18 ऑगस्ट 1978 ला कायद्यानं ते रीतसर अस्तित्वात आलं. व्हाइस अॅडमिरल व्ही. ए. कामथ पहिले महासंचालक.

सुरुवातीच्या ताफ्यात सात नौका होत्या. दोन जुन्या फ्रिगेट, ‘कृपाण’ आणि ‘कुठार’. आणि पाच छोट्या गस्तीनौका, ‘पनवेल’, ‘पुलिकत’, ‘पांबन’, ‘पुरी’, ‘पणजी’. हा ताफा तोकडा होता असं लिहून बहुतेक जण पुढे जातात. मला या नौकांपाशी थांबावंसं वाटतं. ‘कृपाण’ 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ या नौदलाच्या फ्रिगेटच्या सोबत होती, ‘खुकरी’ बुडताना तिनं पाहिली. आणि आमच्या शेजारच्या बंदराचं नाव घेतलेली ‘पनवेल’ त्याच महिन्यात बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या गनबोटींसोबत मोंगला-खुलनाच्या नदीत आत शिरली होती, कारण तिचा तळ उथळ होता. म्हणजे सातांपैकी दोन मोठ्या आणि पाच लहान. अमात्यांच्या हिशोबाजवळ जाणारंच हे प्रमाण. ते मुद्दाम ठरवलं नसेल, पण पाण्याची गरज तीच आहे.

पुढची पायरी माझगाव डॉकनं बांधली. ‘विक्रम’ ही पहिली खोल समुद्रातली गस्तीनौका 1983 मध्ये दाखल झाली. ओपीव्ही म्हणतात ती हीच जात. साधारण 74 मीटर लांब, वर चेतक हेलिकॉप्टर उतरायला जागा. अशा नौकेचं बळ तोफेत नसतं, ते ती किती दिवस बाहेर राहू शकते यात असतं. परकी ट्रॉलर मासे चोरायला येते तेव्हा तिला पकडायला वेग थोडा पुरतो. पंधरा दिवस तिची वाट बघत लाटांवर राहायला मात्र मोठं पोट लागतं, डिझेलचं आणि पाण्याचं. नव्वदच्या दशकात गोवा शिपयार्डनं ‘समर’ बांधली, मग ‘संकल्प’, मग ‘समर्थ’ वर्गाच्या 105 मीटरच्या नौका. ‘विक्रम’चं नाव 2018 मध्ये नव्या नौकेला मिळालं, ती चेन्नईजवळ कट्टुपल्लीला बांधली. आता माझगाव डॉककडे पुन्हा सहा मोठ्या गस्तीनौकांचं काम आलं आहे. करार डिसेंबर 2023 चा.

मोठी नौका आणि किनारा यांच्या मधला पट्टा वेगवान गस्तीनौकांचा. त्यांची नावं हा मराठी वाचकानं अभिमानानं सांगावा असा भाग आहे. ऐंशीच्या दशकातल्या पहिल्या वर्गाचं नाव ‘जिजाबाई’, त्यातच ‘चांदबीबी’ आणि ‘कित्तूर चेन्नम्मा’. दुसऱ्या वर्गाचं ‘ताराबाई’, त्यात ‘अहिल्याबाई’ आणि ‘लक्ष्मीबाई’. पुढे गोव्यात बांधलेल्या नौकांत ‘सावित्रीबाई फुले’ आणि ‘दुर्गाबाई देशमुख’. नौकांना राणीची, शिक्षिकेची, स्वातंत्र्यसेनानीची नावं देणारं हे दल मला त्यामुळे जवळचं वाटतं. अलीकडे ‘अभिनव’, ‘अदम्य’ अशी विशेषणं आली आहेत. ती वाईट नाहीत. पण विशेषणामागे कुणाची गोष्ट नसते.

‘ताराबाई’मागे तर दोन गोष्टी आहेत. एक महाराणींची, औरंगजेबाशी झुंजलेल्या. दुसरी 1999 ची. इंडोनेशियातून सात हजार टन अॅल्युमिनियम घेऊन निघालेलं ‘अलोंद्रा रेनबो’ हे जपानी मालकीचं जहाज चाच्यांनी ऑक्टोबरात पळवलं, खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं आणि जहाजाचं नाव पुसून ‘मेगा रामा’ असं नवं रंगवलं. नोव्हेंबरात ते अरबी समुद्रात दिसलं. सिंगापूरला बांधलेली छोटी ‘ताराबाई’ त्याच्या मागे लागली, इशारे दिले, गोळ्या झाडल्या, जहाज थांबेना. शेवटी नौदलाची ‘प्रहार’ आली आणि 16 नोव्हेंबरला पंधरा चाचे हाती लागले. त्यांनी जहाज पेटवून बुडवायचा प्रयत्न केला होता, तेही वाचवलं गेलं. मुंबईच्या सत्र न्यायालयात 2003 मध्ये त्यांना शिक्षा झाली, पुढे उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरीसाठी वेगळा कायदा आपल्याकडे तेव्हा नव्हताच, तो 2022 मध्ये झाला. नौका पोचली होती, कायदा तेवीस वर्षं मागे होता.

तटरक्षक नौकांचा प्रत्येक नवा प्रकार एखाद्या जखमेनंतर आला, असं इतिहास चाळताना वारंवार जाणवतं. 1993 मध्ये रायगडच्या शेखाडीला स्फोटकं उतरली आणि मुंबईत बाँबस्फोट झाले. मग महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ सुरू झालं: नौदल, तटरक्षक, कस्टम, पोलिस यांची मिळून गस्त. किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी मच्छीमारांच्या ट्रॉलर भाड्यानं घ्याव्या लागल्या, कारण तेवढ्या लहान आणि तेवढ्या संख्येनं सरकारी नौका नव्हत्याच. पंधरा वर्षांनी, 26 नोव्हेंबर 2008 ला, ‘कुबेर’ नावाची मासेमारी नौका बळकावून दहा दहशतवादी आले आणि एका रबरी होडीतून कुलाब्याच्या कोळीवाड्याशी उतरले. खोल समुद्रातली कितीही मोठी गस्तीनौका त्या होडीला ओळखू शकली नसती, आणि ओळखलं असतं तरी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात तिच्या मागे जाऊ शकली नसती.

त्यानंतर चित्र बदललं. किनारी पाण्याच्या सुरक्षेची जबाबदारी 2009 मध्ये तटरक्षक दलाकडे आली. किनाऱ्यालगत सागरी पोलिस, मधे तटरक्षक, पलीकडे नौदल अशी फळी ठरली. आणि इंटरसेप्टर बोटींची मोठी मागणी निघाली. एल अँड टीनं अशा 54 बांधून दिल्या. अॅल्युमिनियमचा सांगाडा, सुमारे 28 मीटर लांबी, 45 नॉटचा वेग. पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकून ती पुढे जाते, म्हणून खाली जाळ्यात किंवा चिखलात अडकायला काही नसतं. वल्ह्यांच्या जागी झोत आला, बाकी ते गलबतच. भारती शिपयार्डनंही तटरक्षक दलाला काही इंटरसेप्टर दिल्या. त्या कंपनीचं एक यार्ड आमच्या घोडबंदरला होतं.

तेलाची जखम वेगळी. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ ही जहाजं आदळली. कंटेनर पाण्यात तरंगू लागले, बंदराची वाहतूक थांबली, तेल अलिबाग-उरणकडच्या किनाऱ्याला आणि खारफुटीला लागलं. लोक मासे घ्यायला भिऊ लागले आणि कोळणींच्या पाट्या भरलेल्या परत गेल्या. दोनच महिन्यांनी, 9 ऑक्टोबरला, ‘समुद्र प्रहरी’ ही प्रदूषण आवरणारी पहिली खास नौका मुंबईत दाखल झाली. तिची बांधणी अर्थातच आधीपासून चालू होती, योग तेवढा विलक्षण. अशी नौका तवंगाभोवती तरंगता अडसर टाकते, कडेला पसरलेल्या हातांनी तेल एकत्र करते आणि वरचं तेल शोषून टाकीत घेते. तिच्या पाठोपाठ ‘समुद्र पहरेदार’ आणि ‘समुद्र पावक’ आल्या. ‘समुद्र प्रताप’ या स्वदेशी आराखड्याच्या नौकेचं जलावतरण ऑगस्ट 2024 मध्ये गोव्यात झालं. मे 2025 मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा 3’ बुडालं, त्यावरचे 24 जण वाचले, त्यांतले 21 तटरक्षक दलानं वाचवले. पण मागे उरलेलं तेल आणि कंटेनर निस्तरायला महिने जातात. या नौकांना जाहिरातीत जागा मिळत नाही. मासळीवर जगणाऱ्या माणसाला मात्र लढाऊ नौकेपेक्षा हीच आधी हवी असते.

हॉवरक्राफ्टचा प्रकार आपल्याकडे कमी माहीत आहे. हवेच्या उशीवर तरंगत ते पाण्यावरून चिखलावर आणि चिखलावरून वाळूवर जातं. ओखा, जखाऊ, हल्दिया, मंडपम इथे ती आहेत, कारण कच्छची दलदल, सुंदरबनची खाजणं आणि पाल्कच्या सामुद्रधुनीतलं उथळ पाणी दुसऱ्या कशानंच पार होत नाही. आतापर्यंतची ब्रिटनच्या ग्रिफन कंपनीची होती. ऑक्टोबर 2024 मध्ये गोव्याच्या चौगुले कंपनीशी सहा हॉवरक्राफ्टचा करार झाला आहे.

आता आमच्या पाण्याकडे. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई, सातपाटी, डहाणूचा किनारा ठाणे जिल्ह्यातून गेला. जिल्ह्याकडे खुला समुद्र उरला तो भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनकडे. तिथले नाखवे 31 जुलैला बंदी संपली की बाहेर पडतात. संकटात 1554 वर तटरक्षक दलाला हाक देता येते. दूर गेलेल्यांकडे उपग्रहामार्फत इशारा देणारं इस्रोनं विकसित केलेलं यंत्र असू शकतं, आणि ती हाक मुंबईच्या बचाव केंद्रात पोचते. खाडीच्या आत मात्र ही साखळी विरळ होते. ठाण्याची खाडी 2022 पासून रामसर यादीत आहे, फ्लेमिंगोंसाठी लोक दुरून येतात, तिथे ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. चित्रासारखा अपघात होऊन तवंग भरतीबरोबर आत आला तर ‘समुद्र प्रहरी’ तिथवर येऊ शकणार नाही. तिथे लागतील हातभर पाण्यावर चालणाऱ्या बोटी, त्यांवर बांधता येतील असे लहान अडसर, आणि खाडीचे पाट ओळखणारे तांडेल. असे तांडेल कळवा, कोलशेत, कोपरीच्या कोळीवाड्यांत आजही आहेत. माझगावमध्ये जानेवारी 2024 च्या करारानं चौदा वेगवान गस्तीनौका बांधायला घेतल्या आहेत आणि त्या हव्यातच. त्यांच्या जोडीला पुढची मागणी या तळाच्या बोटींची असावी, आणि ती ठरवताना या तांडेलांना टेबलाशी बसवावं.

गायमुखला मागच्या आठवड्यात ओहोटीच्या वेळी उभा होतो. मधल्या अरुंद पाटातून एक होडी वसईच्या दिशेनं गेली. नाळेवर उभा असलेला माणूस बांबूनं खोली बघत होता आणि मागच्याला हातानं डावीकडे, उजवीकडे दाखवत होता.